तळातली पाळी

वाळू धुवायला सात बादल्या पाणी लागलं.
खडी नको, व्रातिस्लाव म्हणाला,
खडीनं त्यांच्या मिशा झिजतात.
त्याच्या फुप्फुसांबद्दल असं कुणी बोललं नव्हतं
एकतीस वर्षांत.

कार्विनातल्या या चौथ्या मजल्यावर,
रेडिएटरपासून दोन हात दूर, सत्तर लिटरची काच.
आत नऊ मिशाळ मासे, बोटाच्या दोन पेरांएवढे,
अंग सायीच्या रंगाचं, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका
आणि डोळ्यांवरून काजळ ओढलेलं.
मी म्हटलं, हे तर तुझेच लोक.
कितीही साबण लावा, पापण्यांच्या कडेला उरतंच ते.
तो हसला नाही. मोजत होता.
नऊ खाली गेले की नऊ मोजायचे, ही सवय.

मूळ म्हणे पेरूतलं, अँडीजच्या पायथ्याच्या ओढ्यांतलं.
पण हे जन्मले ओलोमोउत्सच्या एका निवृत्त मास्तरीणबाईंच्या तळघरात;
यांच्या पणज्यांनीसुद्धा नदी पाहिली नसेल.
तरी दिवसभर उपसणं चालू.
तोंड खुपसायचं, कल्ल्यांतून वाळू सोडायची,
पुन्हा तिथेच, पुन्हा.
मधेच एखादा सुटतो, सरळ वर,
पाण्याची कातडी फोडून हवेचा एक घोट,
की लगेच खाली,
जणू वरचं जग मुकादमानं
घड्याळ हातात धरून उसनं दिलंय.
तेवढा वेळ व्रातिस्लाव आपला श्वास धरून ठेवतो.
मी पाहिलंय. मी पाहिलंय हे त्याला ठाऊक नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पन्नास टक्के, फार तर.
हा मासा आतड्यानंही श्वास घेतो,
हे त्यानं मला जेवताना सांगितलं.
हुशार, म्हणाला. एक बोगदा बुजला तर दुसरा.
आणि पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून विसरून गेला.

दोन हिवाळे अंडी नाहीत.
मास्तरीणबाई फोनवर सांगायच्या:
निम्मं पाणी बदला, गार घाला,
वायुभारमापकाचा काटा पडेल त्या दिवशी.
यावर तो बराच वेळ गप्प.
काटा पडला की कोळशाच्या भेगांतून वायू सुटतो.
अशा दिवशी आम्ही बायका खिडकीशी असायचो
आणि मागे कोबी करपायचा.
सासऱ्यांचं ते पितळी यंत्र अजून भिंतीवर आहे.
घरातलं सगळं मी पुसते. ते नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी काटा पडला.
बर्फ आडवा येऊन काचांवर आपटत होता.
बाल्कनीत ठेवलेली बादली त्यानं आत आणली,
नऊ पावलं, दोनदा थांबून.
मी हात लावला नाही. लावू दिला नसता.
मग पेल्यापेल्यानं गार पाणी,
पेल्यापेल्यानं, संध्याकाळ संपेपर्यंत.

पावणेतीनला त्यानं मला हलवलं.
आमच्यात अशा वेळी कुणी चांगल्यासाठी उठवत नाही.
मी अंधारात आधी बूट शोधले, मग कोट.
तो म्हणाला, यार्मिला, बूट कशाला. नुसती ये.

मादी काचेवर चढत होती,
पोटाखालच्या परांची ओंजळ करून
आणि ओंजळीत एकच अंडं.
जागा चाचपली, नाक घासून पुसली, चिकटवलं.
खाली. पुन्हा ओंजळ. पुन्हा एक.
खसखशीपेक्षा मोठं, साबुदाण्यापेक्षा लहान.
आम्ही दोघं अनवाणी, रेडिएटर थंड पडलेला,
आणि तो ओठांतल्या ओठांत मोजत होता,
तेरा, चौदा,
त्याच्या आवाजात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं,
मग कळलं: आकडा वाढत होता.

सकाळी सहा अंडी बुरशीनं पांढरी.
ती त्यानं बदकाच्या पिसानं अलग केली,
वहीत वेळ लिहिली, जुन्या पाळीच्या वहीत,
रिकाम्या रकान्यात.
उरलेल्यांच्या पाण्यात आल्डरची दोन बोंडं टाकली
आणि खुर्ची ओढून बसला.
शुक्रवारपर्यंत कळेल, म्हणाला.
कॉफी निवत गेली. काटा अजून खालीच होता.